लँडलाईनवर बोलणारं मशीन: छोटं डायल-अप मोडेम मॉड्यूल आपल्या सर्किटमध्ये कसं बसवायचं

मागच्या उन्हाळ्यात तासगावकडच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून फोन आला. "दादा, तुमचं ते टेंपरेचरचं मशीन गेलं बघा. वळवाच्या पावसात वीज कडाडली, तेव्हापासून मेलंय. नवीन द्या, पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर तेच राहू दे, आमच्या माणसाला दुसरं जमत नाही." आता ते सॉफ्टवेअर पंधरा वर्षं जुनं, त्याला एवढंच येतं की रात्री अकराला मशीनचा फोन येणार, इकडचा मोडेम (आकड्यांचे आवाज करून फोनच्या लाईनवरून पाठवणारं आणि आलेल्या आवाजाचे परत आकडे करणारं यंत्र) तो उचलणार, दिवसभराचे आकडे घेणार आणि लाईन सोडणार. मी म्हटलं जीएसएम, म्हणजे सिमकार्डवाला मोबाईल मोडेम टाकू. तर मशीन रूम चारी बाजूंनी पत्र्याची आणि पफ पॅनेलची, आत मोबाईलला रेंजची एक काडी नाही, अँटेना बाहेर काढली तरी सिमला दर काही दिवसांनी रिचार्ज मारायला लागतो आणि तो कोण लक्षात ठेवणार. लँडलाईन मात्र टेबलावर होती, जिवंत होती, बिल वेळेवर भरलं जात होतं. म्हणून २०२० नंतरच्या जगात मी परत एकदा डायल-अप मोडेम बसवला.

असं काम अजून येतं. जुने अलार्म पॅनेल, लिफ्टमधले इमर्जन्सी डायलर, पंपहाउसचे डेटा लॉगर, जुने ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातली छोटी टेलिफोन एक्सचेंजं, ज्यांचं सेटिंग लांबून करायचं असतं, विजेचे मोठे मीटर. नवीन पोरांना यूएआरटी (दोन वायरींवरचं साधं सिरियल बोलणं) येतो, जीएसएम येतो, पण टेलिफोनच्या लाईनला हात लावला की गडबडतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, या सगळ्यात मोडेम हा सोपा भाग आहे, तो शहाणा असतो, एटी ही कमांड दिली की ओके म्हणतो. खरा त्रास त्या बाहेरून येणाऱ्या दोन वायरींचा. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही एवढं धरून चाललात की बाकी जमतं.

तर पहिलं काम: मॉड्यूल मागवायच्या आधी लाईन बघून या. मल्टिमीटर घ्या, भिंतीवरच्या रोझेटचं, म्हणजे फोनची वायर जिथे येते त्या डबीचं, झाकण काढा, डीसी व्होल्टेज मोजा. फोन ठेवलेला असताना ४८ ते ५२ व्होल्ट दाखवायला पाहिजे, रिसिव्हर उचलला की ते ६ ते १० व्होल्टवर यायला पाहिजे. ठेवलेल्या फोनला ३०-३५ च दिसत असतील तर एकतर लाईनमध्ये कुठंतरी पाणी शिरलंय किंवा ती लाईन तांब्याची नाहीच, फायबरच्या डब्यातून निघालेली आहे, आणि ते ओळखणं फार महत्त्वाचं आहे कारण फायबरवाल्या लाईनवर मोडेमचं वागणं वेगळं असतं, त्याचं पुढे सांगतो. प्लस-मायनस कुठलं याची काळजी करू नका, मॉड्यूलच्या आत ब्रिज असतो, उलटसुलट चालतं.

आणि हो, वायर दाताने सोलू नका. मी सोलत होतो. ४८ व्होल्टचं काही वाटत नाही म्हणून आमच्यात सगळेच सोलायचे, पण त्याच वेळी कुणीतरी फोन केला आणि रिंग आली. रिंग म्हणजे त्या ४८ वर साधारण ७५ व्होल्ट एसी, २५ हर्ट्झ. तोंडातून जो शब्द निघाला तो इथे लिहिता येणार नाही.

आता मॉड्यूल कुठलं घ्यायचं. तुमच्यासमोर तीन रस्ते असतात. एक, चिप घेऊन स्वतः पीसीबी करायचा, जसं सिलिकॉन लॅब्सने आणलेला एसआय२४५७ आणि त्याच्या जोडीला लाईन साईडचा एसआय३०१८. या दोघांच्या मध्ये फक्त कपॅसिटर असतात आणि तेच आयसोलेशन करतात, डिझाईन फार सुंदर आहे, त्याच घरातले २४३४, २४१५, २४०४ हे कमी स्पीडचे भाऊ. दोन, तयार मॉड्यूल, ज्यात लाईन साईडचं सगळं आत बसवलेलं असतं, मल्टिटेकचं सॉकेटमोडेम हे त्यातलं नावाजलेलं, साधारण अडीच इंच बाय एक इंच, पिना खाली, सॉकेटमध्ये दाबलं की झालं. तीन, बाहेरचा डबा-मोडेम सिरियल केबलने जोडायचा. माझं मत स्पष्ट आहे, शे-दोनशे नगांपर्यंत तयार मॉड्यूलच घ्या. चिपने पैसे वाचतात खरं, पण लाईन साईडचा लेआऊट, त्याचं टेस्टिंग, मग टेलिकॉमचं सर्टिफिकेट, यात वाचलेले पैसे दुप्पट जातात. आपल्याकडे मोडेमसारख्या गोष्टी लाईनला लावून विकायच्या असतील तर टीईसीचं (सरकारचं टेलिकॉम इंजिनिअरिंग सेंटर) एमटीसीटीई, म्हणजे सक्तीच्या तपासणीचं सर्टिफिकेशन असतं, ते गिऱ्हाईकाला मशीन द्यायच्या आधी बघा, नंतर नाही.

घेताना एक फसगत टाळा. जुन्या लॅपटॉपमधून निघालेली छोटी मोडेम कार्डं बाजारात ढिगाने मिळतात, पन्नास-शंभर रुपयांत, आणि ती बघून वाटतं की अरे वा. ती घेऊ नका. ती सॉफ्ट मोडेम असतात, म्हणजे त्यांच्यावर फक्त लाईनचा भाग असतो आणि डोकं पीसीच्या प्रोसेसरमध्ये असतं, विंडोजच्या ड्रायव्हरशिवाय ती एक अक्षर बोलत नाहीत. आपल्याला पाहिजे तो स्वतःचा कंट्रोलर असलेला, टीटीएल लेव्हलच्या, म्हणजे थेट ३.३ किंवा ५ व्होल्टच्या, यूएआरटीवर एटी कमांड घेणारा मोडेम. यूएसबीवालाही नको, साध्या मायक्रोकंट्रोलरला यूएसबी होस्ट होता येत नाही.

स्पीड बघून भुलू नका. ५६के, व्ही.९२ वगैरे छापलेलं असलं तरी आपल्याला त्याचा उपयोग शून्य. साधा हिशोब करा: २४०० बिट प्रति सेकंद म्हणजे एका बाईटला १० बिट धरले तर सेकंदाला २४० बाईट. कोल्ड स्टोरेजचे दिवसाचे आकडे होतात २००० बाईटच्या आसपास, म्हणजे आठ-साडेआठ सेकंद. तेच व्ही.३४ या वेगवान पद्धतीने ३३,६०० वर पाठवायला अर्धा-पाऊण सेकंद लागेल, पण त्याआधी दोन मोडेम एकमेकांची ओळख करून घेण्यात दहा-पंधरा सेकंद घालवतात, लाईन खराब असली तर अजून जास्त, आणि मध्येच परत सगळं पहिल्यापासून. व्ही.२२बिस, म्हणजे २४०० वाली जुनी पद्धत, काही सेकंदात हात मिळवते. दुकानातली जुनी कार्ड स्वाईप मशिनं आठवा, ती लँडलाईनवर १२०० ला बोलायची, ती काय बनवणाऱ्याला अक्कल नव्हती म्हणून नव्हे, डेटा चिमूटभर असला की पटकन जोडला जाणारा हळू मोडेमच जिंकतो म्हणून.

मॉड्यूल आलं. आता पॉवर. बहुतेकांना ३.३ व्होल्ट लागतात, काही ५ वर चालतात, करंट थोडा लागतो, जीएसएम मॉड्यूलसारखा मधूनच दोन अँपिअरचा घास घेत नाहीत. मॉड्यूलच्या पॉवर पिनला चिकटून ०.१ मायक्रोफॅराड आणि शेजारी १० मायक्रोफॅराड टाका. स्विचिंग सप्लायमधून थेट देत असाल तर मध्ये एक लिनिअर रेग्युलेटर टाका, कारण सप्लायची शिट्टी मोडेमच्या कानात जाते आणि मग लाईन चांगली असूनही चुका होतात, आणि आपण लाईनला शिव्या देत बसतो.

सिरियलच्या वायरी जोडताना एक जुना खड्डा आहे ज्यात प्रत्येकजण एकदा तरी पडतोच. आपल्याला सवय असते की टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणाऱ्या पिनला) आणि आरएक्स टीएक्सला. पण मोडेमच्या जगात पिनांची नावं बऱ्याचदा समोरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजूने ठेवलेली असतात. म्हणजे मोडेमवर टीएक्सडी लिहिलंय ती पिन मोडेमची इनपुट असते! तिथे कंट्रोलरचा टीएक्स जायला पाहिजे, सरळ, क्रॉस न करता. काही मॉड्यूल याच्या उलटही असतात. डेटाशीटमध्ये इनपुट का आउटपुट ते बघा, नावावर जाऊ नका. आणि पहिल्या वेळी दोन्ही वायरींमध्ये १के चा रेझिस्टर टाका, चुकून आउटपुटला आउटपुट भिडलं तरी काही जळत नाही. शंका असेल तर मॉड्यूलला फक्त पॉवर देऊन दोन्ही पिना मोजा आणि १०के ने ग्राउंडला ओढून बघा, जी हलत नाही, ठाम ३.३ वर उभी राहते ती आउटपुट.

तुमचा कंट्रोलर ५ व्होल्टचा असेल, आर्डुइनो ऊनोसारखा, तर त्याच्या टीएक्सवर १के आणि २के चा डिव्हायडर टाका, ५ चे ३.३ होतात. उलट बाजूला ऊनो साधारण ३ व्होल्टच्या वर एक धरतो, त्यामुळे मॉड्यूलचे ३.३ चालून जातात, पण काठावर चालतात, जास्त नग करायचे असतील तर लेव्हल शिफ्टर टाका. आणि नऊ पिनच्या सिरियल पोर्टचे सिग्नल मॉड्यूलला थेट देऊ नका, तिथे प्लस-मायनसमध्ये कितीतरी जास्त व्होल्ट असतात, मध्ये मॅक्स२३२ ही व्होल्टेज बदलणारी चिप पाहिजेच.

टीएक्स-आरएक्सवर लोक थांबतात, पण अजून चार वायरी ओढायच्याच. डीसीडी, म्हणजे समोरचा मोडेम खरंच लाईनवर आहे की नाही. डीटीआर, म्हणजे आपण खाली सोडला की मोडेम लाईन सोडतो, त्यासाठी एटी&डी२ देऊन ठेवायचं. आरआय, म्हणजे रिंग आली, यावर झोपलेला कंट्रोलर उठवता येतो. आणि रीसेट. टीटीएलवर हे बहुतेक सगळे उलटे असतात, शून्य म्हणजे चालू, ते विसरू नका.

रीसेटच्या वायरीवर मी जरा थांबणार आहे, कारण ती न ओढल्याची किंमत मी भरलीय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी लॉगर बसवला, दोन पिना वाचवल्या म्हणून खूश होतो. शुक्रवारी रात्री लाईन चालू असताना कंट्रोलर अडकला, वॉचडॉगने (अडकलेल्या कंट्रोलरला परत चालू करणारा टायमर) त्याला रीसेट केला, तो नव्याने उठला आणि त्याला वाटलं सगळं ठीक आहे, कुठलाच कॉल चालू नाही. पण मोडेमला कुणी रीसेट केलं नव्हतं. तो बिचारा लाईन उचलून तसाच बसला. शनिवार, रविवार, सोमवार सकाळपर्यंत त्या माणसाचा फोन एंगेज. गिऱ्हाईक वैतागलं, लाईनमनकाकांना बोलावलं, त्यांनी रोझेटवर टेस्ट फोन लावून ऐकलं आणि मला फोन केला, "साहेब, लाईन एकदम ओके आहे, तुमचं मशीनच कान लावून बसलंय." तेव्हापासून नियम: कंट्रोलर चालू झाला की सगळ्यात पहिली ओळ मोडेमला रीसेटमध्ये धरायची, अर्धा सेकंद थांबायचं, मग सोडायचं. आणि रीसेटच्या पिनवर असा रेझिस्टर टाकायचा की कंट्रोलर मेलेला असला, त्याच्या पिना लोंबकळत असल्या तरी मोडेम रीसेटमध्येच, म्हणजे लाईन सोडलेलीच राहील.

आता त्या दोन वायरी. मॉड्यूलवर टिप आणि रिंग (लाईनच्या दोन वायरींची नावं, इथे रिंग म्हणजे घंटी नव्हे) अशा पिना असतात, तिथून आरजे-११ च्या, म्हणजे फोनच्या सॉकेटच्या, मधल्या दोन पिनांपर्यंत ट्रॅक न्यायचे. बोर्डावरचा हा कोपरा वेगळं गाव समजा. त्याच्या खाली ग्राउंडचं कॉपर नको, कुठल्याच लेयरमध्ये नको. लाईनचे ट्रॅक आणि आपल्या लॉजिकचे ट्रॅक यांच्यात डेटाशीट सांगेल तेवढं अंतर ठेवा, मी स्वतः कमीत कमी ६ मिलिमीटर ठेवतो आणि जागा असली तर मध्ये पीसीबीला फाक पाडून घेतो. स्क्रू, स्टँडऑफ, डब्याचा पत्रा हेसुद्धा यात धरायचं. एका बोर्डात मी सगळं नीट केलं होतं आणि असेंब्लीवाल्याने आरजे-११ च्या अगदी शेजारी लोखंडी स्क्रू मारला, झालं आयसोलेशन.

विजेपासून बचाव हा वेगळा विषय, आणि आपल्या भागात एप्रिल-मेच्या वळवात खांबांवरून लोंबत आलेली ड्रॉप वायर म्हणजे विजेला आवतणच. क्रम असा ठेवा: लाईन आत आली की आधी तीन पायांचा गॅस ट्यूब अरेस्टर (जादा व्होल्टेज अर्थिंगला सोडणारी नळी), २३० व्होल्टचा, त्याचा मधला पाय खऱ्या अर्थिंगला, मग दोन्ही वायरींमध्ये एकेक टेलिकॉमचा २५० व्होल्टवाला पीटीसी (करंट वाढला की अडवणारा रेझिस्टर), मग टिप आणि रिंगच्या मध्ये पी३१०० सारखा सायडॅक्टर, जो २७५ व्होल्टपर्यंत गप्प बसतो आणि त्याहून फार वर गेलं की लाईन शॉर्ट करतो, मग मॉड्यूल. व्होल्टेज का असं निवडायचं तेही बघा. रिंगचे ७५ व्होल्ट हे आरएमएस आहेत, शिखर होतं १०६ च्या आसपास, त्यात लाईनचे ५० मिळवा, म्हणजे १५६. १०० व्होल्टचं काही टाकलंत तर ते प्रत्येक रिंगला शॉर्ट होणार आणि एक्सचेंजला वाटणार की फोन उचलला. उलट मेन्सवाला २७५ एसीचा एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा पार्ट) टाकलात तर तो जागा होईपर्यंत मॉड्यूल गेलेलं असतं. आणि अर्थिंग म्हणजे खरं अर्थिंग, थ्री-पिन सॉकेटची ती हिरवी वायर जी पुढे कुठंच जात नाही ती नव्हे. अर्थिंग नसेल तर तीन पायांच्या ट्यूबचा मधला पाय हवेत, आणि मग निदान वायर-वायरमधला बचाव तरी चालेल, पण गिऱ्हाईकाला तसं सांगून ठेवा. तासगावच्या मशीनमध्ये मी आधी काय टाकलं होतं विचाराल तर, फक्त एमओव्ही. वर जे लिहिलंय ते त्यातूनच आलंय.

बोर्ड तयार झाला तरी लगेच प्रोग्राम लिहायला बसू नका. आधी यूएसबी-टीटीएल लावून कॉम्प्युटरच्या टर्मिनलवरून हाताने बोला, ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप. मी इथे कमांड देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच इंग्रजी कॅपिटलमध्ये टाईप करायच्या. एटी आणि एंटर. ओके आलं पाहिजे. हीच भाषा १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलीय, त्यामुळे कुठलंही मॉड्यूल घ्या, मूळ कमांड त्याच. मग एटी&एफ म्हणजे फॅक्टरी सेटिंग. मग देश सांगायचा. हे लोक विसरतात आणि मग नो डायलटोन, नो डायलटोन करत बसतात. अमेरिकेचा डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झचा मिळून असतो, आपला ४०० चा. एंगेजचा टोनही आपला ४०० हर्ट्झच, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद गप्प, तिकडचा ४८० आणि ६२० चा. अमेरिकेच्या सेटिंगवर असलेला मोडेम आपल्या टोनला ओळखेलच असं नाही. बऱ्याच मॉड्यूलवर एटी+जीसीआय=५३ म्हणजे भारत, तुमच्या मॅन्युअलमध्ये यादी असते तिथे खात्री करा. काहीच जमलं नाही तर एटीएक्स३, म्हणजे डायल टोनची वाट न बघता आंधळेपणाने डायल कर, पण हा शेवटचा उपाय, कारण मग लाईन मेलेली आहे हे मशीनला कधीच कळणार नाही.

आता एटीडीटी आणि पुढे आपलाच मोबाईल नंबर. मोबाईल वाजेल, उचला, कानात मोडेमचा आवाज येऊ शकतो. लाईन स्वच्छ आहे की मागे खरखर, घूं असं आहे ते कानाने ऐका, स्कोपपेक्षा लवकर कळतं. इथे एक बारीक गोष्ट: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. जुन्या अलार्म डायलरमध्ये मालकाचा दहा आकडी नंबर तसाच भरलेला असतो, आणि तो अलार्म तेव्हापासून कुणालाच जात नाहीये हे चोरी झाल्यावर कळतं. जुनी मशिनं सांभाळत असाल तर आजच जाऊन नंबर तपासा.

दोन मोडेम एकमेकांशी बोलताना बघायचं असेल तर दोन लाईनी कुठून आणायच्या? जुन्या बाजारातून एक छोटा ईपीएबीएक्स घ्या, तीन लाईन आठ एक्स्टेंशनवाला. एका एक्स्टेंशनवर तुमचं मशीन, दुसऱ्यावर ऑफिसवाला मोडेम, दिवसभर टेस्ट करा, एक रुपया बिल नाही. गिऱ्हाईकाकडेही इंटरकॉम असेल तर बाहेरची लाईन घ्यायला ०, मग स्वल्पविराम, मग नंबर; स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांब, ते एस८ रजिस्टरमधून (मोडेमच्या सेटिंगचा एक कप्पा) बदलता येतं.

जोडणी जमली की मग स्पीड बांधून टाका. बऱ्याच मॉड्यूलवर एटी+एमएस=व्ही२२बी दिलं की तो २४०० च्या वर जायचा हट्ट सोडतो. सिलिकॉन लॅब्सच्या चिपवर हे &एच कमांडने होतं. एटी\एन० देऊन मी एरर करेक्शनही बंद करतो, त्याची बोलणी वाचतात, आणि चुका पकडायला आपल्या प्रत्येक पॅकेटच्या शेवटी सीआरसी लावतो, चुकलं तर तेवढंच पॅकेट परत मागवायचं. डेटा लाखभर बाईट असेल तर व्ही.४२, म्हणजे मोडेमचं तेच एरर करेक्शन, चालू ठेवा, तिथे त्याचा फायदा आहे, आणि मग आरटीएस-सीटीएस या थांब आणि पाठव सांगणाऱ्या वायरी पण जोडायला लागतील. एस७ म्हणजे समोरच्याची किती सेकंद वाट बघायची, ६० ठेवा. एस०=०, म्हणजे आपणहून फोन उचलू नकोस. मशीनने उचलावं असंच काम असेल तर उचलल्यावर पासवर्ड मागा, नाहीतर राँग नंबरवाल्याच्या हातात कंप्रेसरचा स्विच. आणि आपली रिंग ट्रिंग-ट्रिंग अशी जोडीने येते, ०.४ सेकंद, ०.२ गॅप, परत ०.४, मग २ सेकंद शांत; काही मोडेम ती जोडी दोन रिंगा मोजतात, त्यामुळे एस०=२ दिल्यावर पहिल्याच जोडीला उचललं तर बिघाड समजू नका.

प्रोग्राम लिहिताना डिलेवर डिले टाकू नका. टप्पे करा: रिकामा, डायल करतोय, जोडलेला, पाठवतोय, सोडतोय. प्रत्येक टप्प्याला स्वतःची घड्याळ-मर्यादा, आणि मर्यादा संपली की एकच रस्ता, लाईन सोड. उत्तरं पूर्ण ओळ आल्यावरच वाचा, कारण कनेक्ट आणि त्यापुढे २४०० असं एकत्र येतं आणि अर्धवट वाचलं की घोळ होतो. लाईन सोडायला डीटीआर वापरा. +++ वाला रस्ताही आहे, आधी एक सेकंद शांत, मग तीन प्लस, मग परत एक सेकंद शांत, मग एटीएच. पण आपला कंट्रोलर त्या शांततेत एक बाईट जरी बोलला तर मोडेमला तो डेटा वाटतो आणि लाईन तशीच राहते. सोडल्यावर परत डायल करायच्या आधी निदान तीन-पाच सेकंद थांबा, एक्सचेंजला लाईन मोकळी करायला वेळ लागतो. फोन नाही लागला तर पाच मिनिटांनी, मग पंधरा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, आणि सात-आठ प्रयत्नांनंतर आजचा दिवस सोडून द्यायचा. काही मॉड्यूल स्वतःच तोच नंबर सारखा फिरवू देत नाहीत, तेव्हा उत्तर वेगळं येतं, ते एररमध्ये ढकलू नका. आणि सगळ्यात वर एक आडदांड नियम: काहीही झालं तरी दहा मिनिटांच्या वर लाईन धरायची नाही. माझ्या प्रोग्राममध्ये ही ओळ टायमर इंटरप्टमध्ये आहे, बाकी सगळा प्रोग्राम झोपला तरी ती चालते.

आता फायबरवाल्या लाईनीचं. आजकाल लँडलाईन म्हणून जे येतं ते बऱ्याच ठिकाणी फायबरच्या डब्याच्या मागच्या फोन पोर्टमधून येतं. तिथे तुमचा आवाज पाकिटं होऊन जातो. माणसाला फरक कळत नाही, मोडेमला कळतो, एखादं पाकीट उशिरा आलं की त्याच्या दृष्टीने सूर तुटला. तीन गोष्टी करा: कोडेक (आवाजाचा डेटा करायची पद्धत) जी.७११ वर ठेवायला सांगा, जी.७२९ सारखा आवाज पिळून काढणारा नको. शांतता दाबायचं सेटिंग असेल तर बंद. आणि स्पीड १२०० किंवा फार तर २४००. हळू मोडेमचा हाही एक फायदा, तो अशा लाईनीवरही बऱ्यापैकी तग धरतो. अजून एक, तांब्याच्या लाईनला एक्सचेंजच्या बॅटरीतून करंट येतो त्यामुळे गावात लाईट गेली तरी फोन चालू. फायबरचा डबा लाईट गेली की गप्प. म्हणजे मशीनला बॅटरी दिली तर त्या डब्यालाही द्यायला लागते. तांब्याच्या लाईनवर ब्रॉडबँड चालू असेल तर मोडेमच्या आधी फिल्टर लावा, तो छोटा डबा आपण फोनला लावायचो तोच.

शेवटी जागेवर बसवताना: मशीन आणि टेबलावरचा फोन नुसते पॅरलल जोडू नका. रात्री अकराला वॉचमन गावाकडे फोन करायला रिसिव्हर उचलतो आणि जोडणी तुटते. शक्य असेल तर लाईन आधी मशीनमध्ये, आणि मशीनच्या एका रिलेमधून पुढे फोनला, म्हणजे मशीन बोलत असताना फोन आपोआप बाजूला. हा रिले असा जोडायचा की मशीनची पॉवर गेली तर फोन चालूच राहील. जुने जोड सगळे तपासा, नुसते पिळून टेप मारलेले जोड कापून नीट करा, पहिल्या पावसात तेच कुरकुरतात. आणि पहिले पंधरा दिवस प्रत्येक कॉलची नोंद मशीनमध्येच ठेवा, किती वाजता, काय उत्तर आलं, किती सेकंद.

तासगावच्या मशीनची नोंद मी जूनमध्ये जाऊन बघितली. पाऊस नुकता सुरू झाला होता. चार रात्री पहिल्याच प्रयत्नात कनेक्ट, एका रात्री नो कॅरिअर (समोरचा मोडेम हाताला लागला नाही), नो कॅरिअर, मग कनेक्ट. त्या रात्री काय झालं विचारल्यावर वॉचमनमामा म्हणाले, पाऊस लई होता, आणि बाहेरच्या डीपीचं (फोनच्या वायरींचा डबा) झाकण वाऱ्याने उघडलेलं. झाकण तारेने बांधून आलो.